मिशाळ आई : गिजुभाई बधेका

बडोदे राज्यातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग राजधानीत सुरू झाला नाही. तो झाला दूर काठेवाडात, अमरेली तालुक्यात. १८९३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्या तालुक्यातील काही गावांत ही सक्ती करून पाहिली आणि तेथील अनुभव जमेस धरून १९०६ साली ती सर्व राज्याला लागू केली. आपल्या शहराला या गोष्टीचा रास्त अभिमान आहे. मुलाला शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याचे काम राज्याने केले. परंतु उंबरा ओलांडून आत गेल्यावर त्या मुलाचे काय होते, हा दुसरा प्रश्न कोणत्याही हुकुमाने सुटणारा नव्हता. तो प्रश्न ज्यांनी जन्मभर उराशी धरला, ते गिजुभाई बधेका याच अमरेलीच्या शेजारच्या चितळ गावचे. सक्तीचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते जेमतेम आठ वर्षांचे होते.

त्यांचे पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. जन्म १५ नोव्हेंबर १८८५. बालपण वळा, म्हणजे आजच्या वल्लभीपूर येथे गेले. प्राथमिक शिक्षण तेथील गावशाळेत झाले. त्या काळची गावशाळा म्हणजे काय, हे आपल्याकडील जुन्या माणसांना निराळे सांगण्याची गरज नाही. पाढे, घोकंपट्टी आणि छडी यांवर तिचा सारा संसार चाले. मूल शाळेत जाताना रडले नाही तर मास्तर कडक नाही, अशी पालकांची समजूत असे. गिजुभाईही या शाळेतून गेले, आणि पुढे लहान मुलांविषयी त्यांनी जे जे लिहिले त्याच्या तळाशी या भीतीची आठवण आहे.

पुढचे शिक्षण भावनगरला झाले. ते महाविद्यालयात गेले खरे, पण घरची परिस्थिती पदवीपर्यंत थांबू देणारी नव्हती. १९०७ साली पोटापाण्यासाठी त्यांनी पूर्व आफ्रिकेची वाट धरली. काठेवाड-कच्छमधील कितीतरी तरुण त्या काळी गलबतात बसून मोंबासा-झांजिबारकडे जात, त्यांतलेच हे एक. त्या परमुलखात त्यांनी पैसा किती मिळविला यापेक्षा स्वतःचे काम स्वतः करण्याची सवय मिळविली, हे महत्त्वाचे. पुढे बालमंदिरात तीन वर्षांच्या मुलाने आपली बटणे आपण लावावीत, आपले ताट आपण उचलावे, असा जो आग्रह त्यांनी धरला, तो केवळ पुस्तकातून आलेला नव्हता.

दोन वर्षांनी ते परत आले, मुंबईस कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण कॅम्पात, म्हणजे आजच्या सुरेंद्रनगरात, वकिली सुरू केली. वकिली चांगली चालू लागली. काठेवाड म्हणजे लहानमोठ्या संस्थानांची दाटी; हद्दीचे, वारसांचे, जमिनीचे तंटे ही वकिलांची अखंड पिकणारी शेती होती. हुशार, बोलका आणि मेहनती वकील अशा ठिकाणी दहा वर्षांत वाडा बांधतो. गिजुभाईंपुढे हा रस्ता सरळ मोकळा होता.

तो रस्ता त्यांनी सोडला, याला एक मूल कारण झाले. १९१३ साली त्यांना पुत्र झाला. नाव नरेंद्र. याला कसे वाढवायचे, याला कोणत्या शाळेत घालायचे, हा विचार बापाच्या मनात सुरू झाला. बहुतेक बाप या विचाराशी दोन दिवस झगडतात आणि तिसऱ्या दिवशी जवळच्या शाळेत नाव घालून मोकळे होतात. स्वतः भोगलेली शाळा मुलाच्या वाट्याला येऊ नये, ही इच्छा गिजुभाईंना गप्प बसू देईना. ते ओळखीच्या लोकांना विचारू लागले, पुस्तके धुंडाळू लागले.

येथे पुन्हा बडोदे राज्य या कथेत येते. गिजुभाईंचे मित्र दरबार गोपाळदास देसाई हे मूळचे चरोतरातील वसो गावचे. त्यांनी गिजुभाईंना वसोला मोतीभाई अमीन यांच्याकडे पाठविले. मोतीभाई म्हणजे बडोदे राज्यातील वाचनालयांच्या चळवळीचा एक मोठा आधारस्तंभ. खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचविण्यासाठी देह झिजविणारे शिक्षक. त्यांच्याकडून गिजुभाईंच्या हाती डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांच्या पद्धतीवरील पुस्तक आले. १९०७ साली, गिजुभाई आफ्रिकेला निघाले त्याच वर्षी, रोम शहरातील गरीब वस्तीत या इटालियन विदुषीने लहान मुलांचे एक घर उघडले होते. मुलाला हाताने, डोळ्याने, कानाने शिकण्याची नैसर्गिक भूक असते. शिक्षकाने त्या भुकेला योग्य साधने पुरवावीत आणि बाजूस उभे राहावे, हा तिच्या पद्धतीचा गाभा. वढवाणच्या वकिलाने हे वाचले आणि प्रथम आपल्याच घरात, आपल्याच मुलावर त्याचा पडताळा घेतला. अशिलांच्या कागदांवरचे त्यांचे मन उडू लागले ते तेव्हापासून.

भावनगरात त्या वेळी दक्षिणामूर्ती नावाची एक संस्था मूळ धरीत होती. दक्षिणामूर्ती म्हणजे वडाखाली बसून मौनाने शिष्यांचे संशय फेडणारा शिव. कॉलेजातील प्राध्यापकी सोडून आलेले नृसिंहप्रसाद उर्फ नानाभाई भट्ट यांनी १९१० साली विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह म्हणून तिचा आरंभ केला. गिजुभाईंचे मामा हरगोविंद पंड्या हेही तिच्या आधारस्तंभांपैकी एक. १९१६ साली गिजुभाई वकिली सोडून या संस्थेत दाखल झाले. वय एकतीस, घरात बायकामुले, आणि उत्पन्न एकदम वकिलाचे न राहता शिक्षकाचे. त्या काळच्या समाजात वकिलाचा मास्तर होणे ही पायरी उतरण्यासारखीच गोष्ट होती. नातेवाइकांना ती वेडेपणाची वाटावी, यात नवल नाही.

संस्थेच्या विनयमंदिराचे, म्हणजे हायस्कूलचे, ते आचार्य झाले. इंग्रजी आमदानीतील हायस्कूलचा हेडमास्तर म्हणजे कोट, पगडी, घड्याळ आणि दरारा. गिजुभाईंच्या भरघोस मिशांमुळे दरारा आपोआप उत्पन्न व्हावा असे रूप त्यांना लाभले होते; पण त्याचा त्यांनी उपयोग केला नाही. छडी बंद केली, मुलांशी बोलणे सुरू केले. नवीन पद्धतींचे वारे त्या शाळेत मोकळे खेळू लागले.

तथापि या चार वर्षांत त्यांना एक गोष्ट उमगली, आणि त्यांच्या साऱ्या कारकिर्दीला तिने वळण दिले. हायस्कुलात येणारे बारा-चौदा वर्षांचे मूल कोरे नसते. भीती, खोटे बोलण्याची सवय, नंबरासाठी सोबत्याचा हेवा, बक्षिसाची लालूच, हे सारे त्याच्या अंगी आधीच मुरलेले असते. हायस्कूलच्या शिक्षकाची निम्मी शक्ती हे डाग धुण्यातच जाते. तेव्हा काम करायचे तर ते अगदी आरंभापासून, अडीच-तीन वर्षांच्या वयापासून केले पाहिजे. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी आपली खुर्ची सोडली आणि ते बाळांच्या शाळेत जाऊन जमिनीवर बसले. मानमरातबाच्या हिशोबाने ही दुसरी उतरण होती. पहिल्या उतरणीपेक्षा ही अधिक धैर्याची. कारण तान्ह्यांना सांभाळणे हे बायकांचे आणि दायांचे काम, असे मानण्यात सुशिक्षित-अशिक्षित सर्वांचे एकमत होते.

१ ऑगस्ट १९२० रोजी भावनगरात दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. पुढे तख्तेश्वराच्या टेकडीवर त्याची स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि १९२२ साली कस्तुरबा गांधींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेथे चालत असे ते पाहून पालक प्रथम बुचकळ्यात पडत. मुले चटयांवर आपापली कामे घेऊन बसलेली. कोणी ठोकळ्यांचा मनोरा रचतो आहे, कोणी झाडांना पाणी घालतो आहे, कोणी मातीचा बैल करतो आहे. गाणे आहे, नाच आहे, बागेतील फिरणे आहे. पाटीवर धडा नाही, परीक्षा नाही, पहिला नंबर नाही आणि शेवटचाही नाही. शिक्षा नाही हे एक वेळ पालकांना पटे. पण बक्षीसही नाही, हे पचनी पडणे कठीण. गिजुभाईंचे म्हणणे असे की, बक्षीस आणि शिक्षा या एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. दोहोंमुळे मुलाचे लक्ष कामावरून उडते आणि मोठ्यांच्या चेहऱ्याकडे लागते.

या पुरुषाला गुजरातेत मूछाळी मा, म्हणजे मिशाळ आई, असे नाव पडले. नाव विनोदी आहे, पण त्यातील मर्म गंभीर आहे. मायेने मूल वाढविणे हा पुरुषाचाही धर्म आहे, आणि ते अभ्यासपूर्वक करण्याचे शास्त्र आहे, हे त्यांनी आपल्या देहाने दाखविले.

मॉन्टेसोरीबाईंचे शिष्यत्व पत्करूनही त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नव्हती. बाईंना लहान वयात पऱ्या-राक्षसांच्या कल्पित गोष्टी मान्य नव्हत्या. मुलाला आधी खऱ्या सृष्टीची ओळख व्हावी, असा त्यांचा कटाक्ष. गिजुभाई काठेवाडातले; जेथे चारण आणि भाट रात्र रात्र वार्ता रंगवितात त्या मुलखातले. गोष्टीवाचून बालपण ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी आजीबाईंच्या तोंडच्या लोककथा गोळा केल्या, त्यांतील ठेका आणि पुनरुक्ती कायम ठेवून त्या बाळांच्या भाषेत उतरविल्या. राजाने कितीही छळले तरी प्रत्येक संकटात मजाच शोधणारा त्यांचा आनंदी कावळा आजही गुजराती घरांतून उडत असतो. आपल्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीवर वाढलेल्या मराठी मुलालाही तो परका वाटू नये. गोष्ट कशी निवडावी, कशी सांगावी, याचे शास्त्रही त्यांनी ग्रंथरूपाने मांडले. बालमंदिरात नाटके होत, त्यांत शिक्षक काम करीत आणि मुले प्रेक्षक होत. मुलाला पोपटासारखी पाठ केलेली भाषणे करावयास लावून पाहुण्यांपुढे उभे करणे त्यांना मुळीच आवडत नसे.

१९२३ साली या बालमंदिरात एक मराठी बाई आल्या. ताराबाई मोडक. मुंबईच्या पदवीधर, प्रार्थनासमाजी घरातल्या, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुखपदाचा अनुभव घेतलेल्या. संसाराची घडी विसकटलेली, बरोबर लहान मुलगी. सरकारी मानाची आणि पगाराची जागा सोडून त्या भावनगरला आल्या, त्यांनी गुजराती आपलीशी केली आणि पुढची आठ-नऊ वर्षे गिजुभाईंच्या बरोबरीने काम केले. दोघांनी मिळून गुजराती शिक्षणपत्रिका चालविली. पुढे तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी काढली. १९२५ साली बालशिक्षकांसाठी अध्यापनमंदिर सुरू झाले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. भावनगरच्या टेकडीवरचे रोप गुजरात-महाराष्ट्रात लावण्याची ही व्यवस्था होती. एका काठेवाडी वकिलाने आणि एका महाराष्ट्रीय पदवीधर बाईने मिळून हे काम केले, ही गोष्ट गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना विशेष जिव्हाळ्याची वाटावी.

गिजुभाईंची लेखणी या काळात अखंड चालली. लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. काही मुलांसाठी, काही शिक्षकांसाठी, काही आईबापांसाठी. त्यांतले सर्वांत गाजलेले 'दिवास्वप्न' १९३२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. कथा साधी आहे. एक ध्येयवेडा माणूस शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि सरकारी शाळेतील चौथीचा वर्ग एक वर्षासाठी प्रयोगाला मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या उमेदीने मॉन्टेसोरी पद्धतीचा शांततेचा खेळ सुरू करतो आणि मुले त्याची पुरती फजिती उडवितात. घरी जाऊन तो विचार करतो आणि दुसऱ्या दिवसापासून गोष्ट सांगू लागतो. गोष्टीने वर्ग ताब्यात येतो. गोष्टींतून वाचन, वाचनातून वर्गाचे छोटे ग्रंथालय, खेळ, सहली, नाटके असा संसार वाढत जातो. शेजारचे शिक्षक हसतात, मुख्याध्यापक घाबरतात, अधिकारी सबुरीने पाहतो. वर्षाअखेरीस बक्षिसाच्या पैशांतून पुस्तके घ्यावीत असे ठरते.

या पुस्तकाची थोरवी त्या पहिल्या दिवसाच्या फजितीत आहे. लेखकाने आपल्या नायकाला जादूगार केले नाही. परदेशी पुस्तकातील युक्ती आपल्या गावच्या वर्गात जशीच्या तशी लागू पडत नाही, हे त्याने पहिल्याच प्रकरणात कबूल केले. आणि दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही कथा टेकडीवरच्या हवेशीर बालमंदिरात घडत नाही. ती घडते साध्या सरकारी शाळेत, दाटीवाटीच्या वर्गात, तुटपुंज्या साधनांत.

गिजुभाईंच्या कार्यावर त्या काळी जो आक्षेप घेण्यासारखा होता, त्याचे उत्तर शोधण्याची ही धडपड दिसते. आक्षेप असा, की मॉन्टेसोरीची साधने महाग, एकेका शिक्षकाकडे मुले थोडी, आणि बालमंदिरात मूल पाठविणारे पालक बहुतेक सुस्थितीतले. मग शेतमजुराच्या, विणकराच्या, भंग्याच्या मुलाने काय करावे? रोमचे पहिले बालगृह गरिबांच्या वस्तीत उघडले होते. हिंदुस्थानात येईपर्यंत ती पद्धत पांढरपेशांची झाली, हे खोटे नव्हते. गिजुभाईंना हे शल्य होते. १९३० च्या सत्याग्रहाच्या काळात ते सुरत जिल्ह्यात गेले, तेथे मुलांच्या वानरसेना उभ्या केल्या. प्रौढांच्या साक्षरतेसाठीही ते झटले. परंतु गरिबांचे बालमंदिर कसे असावे, याचा पुरा नमुना त्यांच्या हातून उभा राहिला नाही. ते काम त्यांच्या सहकारिणीसाठी शिल्लक राहिले.

१९३६ साली गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती सोडली. वीस वर्षांचे नाते, स्वतःच्या हातांनी उभे केलेले बालमंदिर, आणि प्रकृती तर खालावत चाललेली. अशा वेळी माणूस घरी बसतो. गिजुभाई राजकोटला गेले आणि तेथे शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापनमंदिराचे काम त्यांनी नव्याने हाती घेतले. पण शरीराने साथ दिली नाही. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न.

याच वर्षाच्या उत्तरार्धात डॉ. मॉन्टेसोरी प्रथमच हिंदुस्थानात आल्या. मद्रासला त्यांचे वर्ग सुरू झाले, महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि शेकडो भारतीय शिक्षकांनी त्यांच्याकडून प्रत्यक्ष धडे घेतले. ज्याने तिच्या पद्धतीला काठेवाडी पोशाख चढवून घरोघर नेले, तो शिष्य गुरूचे दर्शन न घेताच काही महिने आधी निघून गेला होता.

दक्षिणामूर्तीतील सहकारीही पुढे आपापल्या वाटांनी पांगले. नानाभाईंनी १९३८ साली आंबला येथे ग्रामदक्षिणामूर्ती काढून खेड्याचा मार्ग धरला. पुढे सणोसऱ्याची लोकभारती त्यांनीच उभी केली. हरभाई त्रिवेदींनी भावनगरातच घरशाळा चालविली. आणि ताराबाई मोडक मुंबईच्या दादरमार्गे १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला पोहोचल्या. तेथे त्यांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी असे साधे, घरगुती नाव पडले. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, पाने, बिया आल्या. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम विस्तारले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा बोर्डीचा शब्द देशभरच्या खेड्यांत गेला. रोम, वसो, भावनगर, बोर्डी आणि तेथून सर्व देश, असा हा प्रवास आहे. भावनगरात गिजुभाईंनी जो प्रश्न अर्धा सोडविला, त्याचा उरलेला अर्धा भाग बोर्डीच्या अंगणात सुटला.

शाळेत मुलांना मारण्यास बंदी करणारा केंद्राचा कायदा झाला २००९ साली. टेकडीवरच्या बालमंदिरात छडीला पहिल्या दिवसापासून जागा नव्हती, ते साल होते १९२०. मधल्या एकूणनव्वद वर्षांत किती मुलांनी मार खाल्ला, याचा हिशोब कोणाच्याही दप्तरी नाही. कायदा झाला म्हणून भीती गेली असेही नाही. ती आता निराळे कपडे घालून येते. अडीच वर्षांच्या मुलाची शाळाप्रवेशासाठी तपासणी होते, पुरती बोलायला लागण्याआधी त्याच्या पाठीवर दप्तर येते, आणि लिहिता आले नाही तर आईच्या डोळ्यांत पाणी येते. या साऱ्याला नाव मात्र कित्येकदा मॉन्टेसोरीचेच असते. शाळेच्या पाटीवर ते नाव रंगविणे सोपे आहे. हेडमास्तरने खुर्चीवरून उठून जमिनीवर मुलाशेजारी बसणे कठीण.

आपल्या राज्याने मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणले. त्या दाराच्या आत मूल हसते की नाही, हे पाहण्याचे काम गिजुभाईंनी आपल्यावर घेतले आणि त्यासाठी वकिली, प्रतिष्ठा आणि अखेर प्रकृतीही खर्ची घातली. ते काम कोणत्याही पिढीत एकदाच करून संपत नाही. उद्या सकाळी आपले मूल किंवा नातवंड शाळेला निघेल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर नीट पाहावे. ते आनंदाने निघाले असेल, तर मिशाळ आईचे थोडेसे ऋण आपल्या घरातही आहे, असे खुशाल समजावे.